अदृश्यास दृश्य करणारे आचार्य राँटगेन

पुण्याहून निघालेली आगगाडी वाठार, सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी अशी स्थानके घेत सांगलीवरून मिरजेस येऊन पोहोचली म्हणजे तिच्यातून उतरणाऱ्या मंडळींत एक दृश्य बहुधा पाहावयास मिळते. कोणी वृद्ध गृहस्थ मुलाच्या खांद्यावर हात टाकून सावकाश उतरत असतात, मागून सून गाठोडे घेऊन येत असते, आणि त्या मुलाच्या दुसऱ्या हातात एक भले मोठे पाकीट असते. ते दुमडू नये, भिजू नये, म्हणून तो त्यास जिवापाड जपत असतो. त्या पाकिटात जमिनीचे खत नसते किंवा पैसाअडकाही नसतो. त्यात असते वडिलांच्या पोटाचे चित्र. उजव्या बरगड्यांखाली जे यकृत असते त्यात काहीशी गाठ दिसते, ती कसली आहे हे मोठ्या डॉक्टरांस विचारा, असे गावच्या डॉक्टरांनी सांगितलेले असते. आणि त्या एका शब्दाने घरातील सर्वांची झोप उडालेली असते.

विद्यार्थिमित्रहो, त्या पाकिटातील काळ्यापांढऱ्या छायेचा इतिहास मिरजेपासून हजारो मैलांवर, जर्मनीतील व्युर्झबुर्ग नावाच्या नगरात सुरू होतो. तो सांगावयाचा म्हणजे एका शांत, अबोल व कमालीच्या प्रामाणिक पुरुषाचे चरित्र सांगावे लागते. त्या पुरुषाचे नाव व्हिल्हेल्म कॉनराड राँटगेन.

प्रथम त्या काळची आपल्याकडील स्थिती ध्यानात घेऊ. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली या देशात आले आणि १८९४ साली मिरजेस त्यांचे रुग्णालय उभे राहिले. सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांतून आणि दूरच्या संस्थानांतूनही रोगी तेथे येऊ लागले. परंतु पोटातील गाठ ओळखण्यास त्या काळी जगातील थोरातल्या थोर शस्त्रवैद्याजवळदेखील साधने ती किती? बोटे, कान आणि अनुभव. पोटावर हात ठेवून चाचपावे, एका बोटावर दुसरे बोट आपटून उमटणारा नाद ऐकावा, आणि यकृत वाढले आहे किंवा कसे एवढे ठरवावे. ती वाढ कशाने झाली, आत पू आहे, पाणी आहे की मांसाची गाठ आहे, हे पोट उघडल्यावाचून निश्चयाने कळण्याचा मार्ग नव्हता. आणि उघडल्यावर कळले तरी पुष्कळदा तोवर उशीर झालेला असे.

त्याच १८९४ साली व्युर्झबुर्ग विद्यापीठाने ४९ वर्षांच्या एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांस आपले कुलगुरू निवडले. हेच राँटगेन. ज्या विद्यापीठाने त्यांस हा मान दिला त्याच विद्यापीठाने सुमारे चोवीस वर्षांपूर्वी त्यांना अध्यापकाची पायरी चढू दिली नव्हती. त्याचे कारण मोठे विलक्षण आहे, आणि शाळेतील मुलांनी व त्यांच्या पालकांनी तर ते अवश्य जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी ऱ्हाईन प्रांतातील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी होते, व आईचे घराणे हॉलंडशी निगडित होते. व्हिल्हेल्म हे त्यांचे एकुलते एक अपत्य. मुलगा तीन वर्षांचा असताना हे कुटुंब हॉलंडातील अपेलडोर्न येथे राहावयास गेले आणि त्याचे बालपण तेथेच गेले. मुलगा शाळेत विशेष चमकत असे असे नाही. त्याला रानावनात हिंडण्याची आवड होती, आणि हातांनी लहानसहान यंत्रे बनविण्यात त्याचे मन रमे. १८६२ साली त्यास उट्रेख्ट येथील तांत्रिक शाळेत घालण्यात आले. तेथे एके दिवशी कोणा विद्यार्थ्याने एका शिक्षकांचे व्यंगचित्र काढले. चित्र व्हिल्हेल्मने काढलेले नव्हते, परंतु आळ त्याच्यावर आला. चित्र काढणाऱ्याचे नाव सांगावे असा आग्रह झाला, तेव्हा त्याने नाव सांगण्याचे नाकारले. परिणामी शाळेतून त्याचे नाव काढून टाकण्यात आले.

त्याने नाव सांगावयास हवे होते की नाही, याचा निर्णय आम्ही येथे देत नाही; शिस्तीचेही महत्त्व आहेच. परंतु एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा त्या मुलाने भोगली आणि ती शिक्षा पुढे अनेक वर्षे त्याची पाठ सोडीना. शाळेचा दाखला नाही, म्हणून विद्यापीठात रीतसर प्रवेश नाही. १८६५ साली उट्रेख्टच्या विद्यापीठात तो नुसता श्रोता म्हणून बसू लागला. इतक्यात त्यास कळले की स्वित्झर्लंडातील झुरिकच्या तंत्रशाळेत प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास असल्या दाखल्यावाचूनही घेतात. तो तेथे गेला, यंत्रशास्त्र शिकला, १८६८ साली पदवीधर झाला आणि १८६९ साली त्याने झुरिक विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली.

झुरिक येथे त्यास ऑगस्ट कुंट हे गुरू लाभले. प्रयोगशाळेत हाताने काम करून निसर्गास प्रश्न विचारावयाचे आणि त्याचे उत्तर येईपर्यंत धीर धरावयाचा, ही दीक्षा त्यांनी दिली. कुंट व्युर्झबुर्गास गेले तेव्हा शिष्यही साहाय्यक म्हणून त्यांच्यासंगे गेला. परंतु तेथील विद्यापीठाने शालान्त दाखला नाही या सबबीवर त्यास अध्यापनाचा अधिकार नाकारला. गुरुशिष्य दोघेही १८७२ साली स्ट्रासबुर्गास गेले. त्याच वर्षी राँटगेन यांचा विवाह झुरिकच्या एका खाणावळवाल्यांच्या कन्येशी, अ‍ॅना बेर्था लुडविग यांच्याशी झाला. १८७४ साली स्ट्रासबुर्गने त्यांस अध्यापक केले. पुढे होहेनहाइम, पुन्हा स्ट्रासबुर्ग, १८७९ साली गीसेन, अशी एकेक पायरी चढत १८८८ साली ते व्युर्झबुर्गास परत आले. या वेळी ते पदार्थविज्ञान शाखेचे प्रमुख प्राध्यापक म्हणून आले. दाखल्याने अडविलेली वाट त्यांनी अशी श्रमाने मोकळी करून घेतली. स्वतःस अपत्य नसल्यामुळे त्यांनी पत्नीची लहान भाची आपली कन्या म्हणून वाढविली.

आता १८९५ सालच्या ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळकडे वळू. आतील हवा जवळजवळ सर्व काढून टाकलेल्या काचेच्या नळीतून विजेचा प्रवाह सोडला असता काय घडते, याचा अभ्यास त्या काळी अनेक शास्त्रज्ञ करीत होते. राँटगेन यांनी अशी एक नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकली व खोलीत अंधार केला. नळीतील प्रकाश बाहेर येणे शक्य नव्हते. तरीही काही अंतरावर, बेरियमच्या एका क्षाराचा लेप दिलेला कागद मंद हिरवट तेजाने चमकू लागला. प्रवाह बंद केला की तेज नाहीसे होई, सुरू केला की पुन्हा प्रगटे. डोळ्यांस न दिसणारे काहीतरी नळीतून निघून, पुठ्ठ्यातून पार होऊन, त्या कागदावर जाऊन पडत होते.

दुसरा एखादा असता तर त्याच रात्री त्याने गावभर वार्ता केली असती. राँटगेन यांनी सुमारे सात आठवडे कोणासही काही सांगितले नाही. ते प्रयोगशाळेतच जेवू व निजू लागले. प्रथम आपल्या डोळ्यांसच भ्रम होत नाही ना, याची त्यांनी खात्री करून घेतली. मग नळी व कागद यांच्यामध्ये एकेक वस्तू ठेवून पाहिली. हजार पानांच्या ग्रंथातून ते किरण सहज पलीकडे गेले. लाकडातून गेले. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून क्षीण होऊन गेले. शिशाचा दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा मात्र त्यांना जवळजवळ सर्वस्वी अडवी. असे पाहता पाहता त्यांचा स्वतःचा हात मध्ये आला, आणि पडद्यावर मांसाची फिकट छाया व तीत हाडांची गडद छाया उमटली. जिवंत मनुष्याच्या हाडांचे जिवंतपणीच दर्शन होण्याचा तो आरंभ होता.

२२ डिसेंबर रोजी त्यांनी पत्नीस प्रयोगशाळेत बोलाविले आणि तिचा हात छायाचित्राच्या काचेवर ठेवून त्यावर सुमारे पंधरा मिनिटे हे किरण सोडले. त्या चित्रात बोटांची हाडे आणि एका बोटातील अंगठी स्वच्छ दिसत होती. आपलाच सांगाडा पाहून ती साध्वी भयचकित झाली असे सांगतात. २८ डिसेंबरला राँटगेन यांनी आपला छोटासा निबंध व्युर्झबुर्गच्या विद्वत्सभेकडे दिला. त्यात मोठाले दावे नव्हते. काय पाहिले, कसे पाहिले आणि अद्याप काय कळलेले नाही, एवढेच होते. किरणांना त्यांनी स्वतःचे नावही दिले नाही. बीजगणितात अज्ञात राशीस पाश्चात्त्य लोक जे अक्षर योजतात तेच त्यांनी योजले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या जागी ‘क्ष’ असतो, म्हणून मराठीत ते क्ष-किरण झाले. जे कळले नाही त्यास कळले नाही असेच म्हणण्याचा तो प्रामाणिकपणा आजही त्या नावात टिकून आहे.

१८९६ सालच्या जानेवारीत ही वार्ता वृत्तपत्रांतून जगभर पसरली. २३ जानेवारीस व्युर्झबुर्गला भरलेल्या सभेत राँटगेन यांनी वयोवृद्ध शारीरशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचे चित्र सर्वांसमक्ष काढले. कोलिकर यांनी या किरणांस राँटगेन किरण म्हणावे अशी सूचना केली आणि सभेने टाळ्यांच्या कडकडाटात ती उचलून धरली. काही महिन्यांतच मोडलेली हाडे व शरीरात रुतलेल्या गोळ्या शोधण्यासाठी देशोदेशींचे शस्त्रवैद्य या किरणांचा उपयोग करू लागले. राँटगेन यांनी या शोधाचा एकाधिकार घेतला असता तर ते अगणित संपत्तीचे धनी झाले असते. त्यांनी तो घेतला नाही. शोध सर्व मानवजातीच्या उपयोगी पडावा, त्यावर कुलुप नसावे, अशी त्यांची धारणा होती. बव्हेरियाने दिलेले पदक त्यांनी स्वीकारले, पण नावामागे सरदारकीची उपाधी लावण्यास नकार दिला. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. त्याची रक्कम त्यांनी व्युर्झबुर्ग विद्यापीठास संशोधनासाठी अर्पण केली. ज्या विद्यापीठाने एके काळी त्यांच्यापुढे दार लावून घेतले होते त्यालाच त्यांनी ही भेट दिली, हे आमच्या वाचकांनी विसरू नये.

येथवर हाडांची कथा झाली. आता यकृताकडे येऊ, कारण आरंभी सांगितलेल्या त्या पाकिटाचे कोडे अद्याप सुटलेले नाही.

हाडात चुन्याचा अंश असतो, तो किरणांना अडवितो, म्हणून हाड स्पष्ट दिसते. यकृत हे सुमारे दीड किलो वजनाचे मऊ इंद्रिय आहे, आणि त्यातील गाठही बहुधा तितकीच मऊ असते. दोन्ही किरणांस सारखाच अडथळा करतात, म्हणून साध्या क्ष-किरण चित्रात गाठ यकृताच्या छायेत मिसळून जाते. धुक्यात पांढरे वस्त्र पांघरून उभ्या असलेल्या माणसासारखी तिची स्थिती असते. ही अडचण दूर करण्यासाठी वैद्यांनी शरीरात असे एखादे द्रव्य घालण्याची युक्ती काढली की जे विशिष्ट इंद्रियात साचून त्यास गडद करील. युक्ती योग्य होती. परंतु तिच्या पोटी एक मोठा अनर्थ घडला, आणि तो सांगितल्याशिवाय हे चरित्र आम्हांस पुरे करता येत नाही.

१९३० च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचे एक द्रव्य प्रचारात आले. त्यात थोरियम या धातूचे भस्म असे. शिरेतून दिले की ते यकृत व प्लीहा यांत जाऊन बसे आणि ती इंद्रिये चित्रात सुरेख उठून दिसत. तत्काळ काही त्रास होत नसे, म्हणून अनेक देशांत हजारो रोग्यांस ते देण्यात आले. परंतु थोरियम हा किरणोत्सर्गी पदार्थ आहे. तो निम्मा होण्यास सुमारे १४०० कोटी वर्षे लागतात, आणि यकृतात बसलेले ते भस्म शरीराबाहेर जवळजवळ पडतच नाही. चित्र काढून रोगी घरी जाई, संसार करी, आणि त्याच्या यकृतात ते भस्म अहोरात्र आपले किरण सोडीत राही. वीस-तीस वर्षांनी अशा कित्येक रोग्यांस यकृतातील रक्तवाहिन्यांचा एक अत्यंत विरळा व घातक कर्करोग झाला. त्यास अँजिओसार्कोमा म्हणतात. यकृत पाहावे म्हणून जे दिले त्यानेच यकृतात अशी गाठ निर्माण केली की जी वैद्यांनी आयुष्यात एखाद्या वेळीच पाहिलेली असावी. १९५० नंतरच्या दशकात या द्रव्याचा वापर थांबला. तथापि ज्यांना ते दिले गेले होते त्यांच्यापैकी अनेकांची रोगकथा पुढे कित्येक वर्षे चालूच राहिली.

क्ष-किरणांनी स्वतः केलेले घावही लहान नव्हते. आरंभीच्या काळी या किरणांपासून अपाय होतो हे कोणास ठाऊक नव्हते. अमेरिकेतील एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांनी किरणांखाली स्वतःचे हात वारंवार धरले. त्यांचे हात गेले, आणि १९०४ साली प्राणही गेला. अशा रीतीने या कामात बळी पडलेल्या वैद्यांचे, शास्त्रज्ञांचे व परिचारिकांचे स्मारक १९३६ साली जर्मनीतील हँबुर्ग येथे उभारले गेले. राँटगेन यांनी स्वतः प्रयोगासाठी जस्ताच्या पत्र्याची खोलीएवढी पेटी करून घेतली होती व ते तिच्या आत बसून काम करीत. हेतू हा की छायाचित्राच्या काचांवर भलते किरण पडू नयेत. परंतु काळजीपूर्वक काम करण्याच्या त्या सवयीने त्यांच्या शरीराचेही रक्षण झाले.

पुढील पिढ्यांनी या अनुभवातून बोध घेतला. १९५८ साली स्कॉटलंडातील इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी ध्वनीच्या, कानांस ऐकू न येणाऱ्या लहरींनी पोटातील गाठींची चित्रे काढून दाखविली. तीच आजची सोनोग्राफी. १९७१ साली लंडन येथे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथम एका रोग्याच्या मेंदूचे चित्र काढले. हे यंत्र शरीराभोवती फिरून नाना दिशांनी क्ष-किरण सोडते आणि गणिताच्या साहाय्याने शरीराचा जणू काप काढून दाखविते. यालाच सी. टी. स्कॅन म्हणतात. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकाच्या बळाने चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली, तिच्यापासून एम. आर. आय. निर्माण झाला, आणि त्यात क्ष-किरण मुळीच लागत नाहीत.

या यंत्रांनी यकृतातील गाठ कशी ओळखतात, हेही थोडक्यात सांगतो. यकृतास दोन वाटांनी रक्त मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून अन्नरस घेऊन येणाऱ्या मोठ्या शिरेतून येते, आणि उरलेले रोहिणीतून येते. यकृतातून उपजलेला कर्करोग बहुधा रोहिणीच्या रक्तावर पोसतो. म्हणून दंडातील शिरेतून आयोडीनयुक्त द्रव देऊन लागोपाठ चित्रे काढतात. हा द्रव थोरोट्रास्टसारखा शरीरात राहत नाही. मूत्रावाटे लवकरच निघून जातो. पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास रोहिणीचे रक्त पोहोचते तेव्हा असा कर्करोग आधी उजळतो. मग बाकीचे यकृत उजळते आणि गाठ फिकी पडते. याउलट रक्तवाहिन्यांची जी निरुपद्रवी गाठ पुष्कळ लोकांत आढळते, ती काठाकडून मध्याकडे सावकाश भरत जाते आणि भरलेलीच राहते. अशा गाठीस बहुधा काहीच करावे लागत नाही. तिचे चित्र नीट वाचता आले तर रोग्याचे पोटही वाचते आणि घरातील मंडळींची झोपही परत येते.

विरळ्या गाठी मात्र चतुरांतल्या चतुर वैद्यासही चकवितात. यकृत एरवी निरोगी असलेल्या तरुण वयाच्या मुलामुलींत एक कर्करोग क्वचित आढळतो. त्यास फायब्रोलॅमेलर म्हणतात. त्याच्या मध्यभागी ताऱ्याच्या आकाराचा व्रण दिसतो, परंतु तसाच व्रण एका निरुपद्रवी गाठीतही असतो. लहान बालकांत होणारा हेपॅटोब्लास्टोमा वर्षाकाठी दर दहा लाख मुलांमागे एखाददुसऱ्यासच होतो. आई बाळास आंघोळ घालताना पोट एका बाजूस फुगलेले तिच्याच हातास लागते, आणि मग चित्रात गाठीची व्याप्ती कळते. योग्य वेळी औषध व शस्त्रक्रिया मिळाल्यास यातील पुष्कळ बालके बरी होतात. आणखी एक गाठ अशी की ती खरोखर गाठच नव्हे. कुत्र्याच्या आतड्यातील एका कृमीची अंडी अन्नपाण्यावाटे मनुष्याच्या पोटात जातात व यकृतात पाण्याची पिशवी तयार होते. मेंढ्या व कुत्री जेथे एकत्र वावरतात तेथे हा रोग होऊ शकतो. म्हणून माण, खटाव, आटपाडी व जत या भागांतील मेंढपाळ बंधूंनी हे लक्षात ठेवावे. चित्रात मोठ्या पिशवीच्या आत लहान पिशव्या दिसल्या की वैद्य सावध होतात. कारण तेथे अविचाराने सुई टोचली तर आतील पाणी सांडून प्राणावर बेतू शकते.

यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की पाहणे ही एक गोष्ट आणि जाणणे ही दुसरी. चित्र संशय दाखविते. निर्णय करावयास रक्ताची परीक्षा, कित्येकदा गाठीचा सूक्ष्म तुकडा, आणि सर्वांवर अनुभवी मनुष्याचे धीमे डोके लागते. ज्या वैद्यास चित्र स्पष्ट नाही असे म्हणण्याची लाज वाटत नाही तोच राँटगेन यांचा खरा वारसदार होय.

त्या थोर पुरुषाचे अखेरचे दिवस सुखाचे गेले नाहीत. १९०० सालापासून ते म्युनिक येथे प्राध्यापक होते. पहिले महायुद्ध झाले, जर्मनी हरली. १९१९ साली पत्नी बेर्था दीर्घ आजारानंतर निवर्तली. ज्या हाताच्या चित्राने जग थक्क झाले तो हात सुटला आणि घर रिकामे झाले. युद्धानंतर चलनाची किंमत अशी कोसळली की त्यांची पुंजी नाहीशी झाली, आणि विद्यापीठास दिलेली पारितोषिकाची रक्कमही मातीमोल ठरली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने म्युनिक येथे त्यांचे देहावसान झाले. ज्याने मनुष्याच्या शरीरात डोकावण्याची खिडकी उघडली, त्याच्याच शरीरातील गाठीपुढे त्या काळचे वैद्यक हतबल ठरले. गीसेन येथे आईवडील व पत्नी यांच्याजवळ त्यांचा देह विसावला आहे.

इकडे मिरजेचे डॉ. वॉनलेस यांस १९२८ साली सर ही पदवी मिळाली आणि १९३३ साली त्यांचेही निधन झाले. वॉनलेसवाडी हे नाव त्यांची आठवण देत सांगली व मिरज यांच्यामध्ये उभे आहे. या दोघा पुरुषांची कधी भेट झाल्याचे आम्हांस ठाऊक नाही. परंतु एकाने जे फुकट देऊन टाकले त्याचा लाभ दुसऱ्याच्या मिरजेत येणाऱ्या गोरगरिबांस पिढ्यान् पिढ्या झाला. क्ष-किरणांवर एकाधिकार असता, तर साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या हाती ते पाकीट केव्हा आले असते कोण जाणे!

आता दोन शब्द पालकांस. मुलाच्या हाती एखादा दाखला नाही, किंवा कोणी त्याच्या नावावर एखादा डाग लावला, म्हणून त्याचे भविष्य संपले असे मानू नका. उट्रेख्टच्या शाळेला तो डाग दिसला, त्याखालचा मुलगा दिसला नाही. तसेच घरातील वडीलधाऱ्यांची भूक मंदावली, वजन उतरले, बरगडीखाली जडपणा वाटू लागला, तर उगाच दिवस लोटू नका. यकृत हे फार सोशिक इंद्रिय आहे, ते उशिरा बोलते. चित्रात डाग निघाला तर लगेच धीर सोडू नका, आणि डॉक्टरांस नको वाटत असता पुनःपुन्हा चित्रे काढण्याचा हट्टही धरू नका. थोरोट्रास्टची कथा आठवा.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही पुढे कोणी डॉक्टर व्हाल, कोणी यंत्र चालवाल, कोणी शेती कराल. उत्तर सापडल्यासारखे वाटले तरी सात आठवडे गप्प राहून ते पुन्हा तपासण्याचा धीर अंगी बाणवा. मिरजेच्या स्थानकावरचा तो मुलगा आता दवाखान्याच्या दाराशी पोहोचला असेल. आत कोणीतरी ते चित्र प्रकाशासमोर धरील आणि त्याचे वडील बाकावर बसून त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत राहतील. तो माणूस घाई करणारा नसावा, आणि जेवढे दिसले तेवढेच सांगणारा असावा, एवढीच आमची इच्छा आहे. न जाणो, तो तुमच्यापैकीच कोणी असेल.